किती पळालेली गाडी घ्यावी?

जुनी गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो मॉडेलचा आणि दुसरा किलोमीटरचा. "किती पळालीय?" पन्नास हजारांच्या आत असेल तर बघू, लाखाच्या पुढे गेली असेल तर नको, असा हिशेब जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात असतो. दोन-तीन लाखच हाताशी असलेल्या माणसाला तर या आकड्याचा मोठा आधार वाटतो, कारण गाडीतलं बाकी काही आपल्याला कळणार नाही अशी त्याची समजूत असते. म्हणून सुरुवात या आकड्यापासूनच करू.

१. मीटरवरचा आकडा

समजा, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या समोर आहेत. दोन्ही दहा वर्षांच्या. पहिलीच्या मीटरवर ३२,००० किलोमीटर आहेत, पण सर्व्हिसची एकही पावती नाही. दुसरीच्या मीटरवर ८८,००० आहेत. तिच्या मालकाने दरवर्षीची बिलं फाइलला लावून ठेवली आहेत आणि प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर आहेत. दुसरी गाडी पंधरा हजारांनी महाग असली, तरी मी तीच घ्यायला सांगेन.

भागाकार करून पाहा. दहा वर्षांत ३२,००० म्हणजे वर्षाला ३,२००, दिवसाला नऊ किलोमीटरसुद्धा नाहीत. आकडा खरा असेल, तर ही गाडी आयुष्यभर घर ते मंडई आणि परत एवढीच फिरली. इतक्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. थंड इंजिनात तिचं पाणी होऊन ते ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिन नीट तापलंच नाही, तर ते उडून जात नाही. ऑइल लवकर खराब होतं. टायर, नळ्या, सस्पेन्शनचे बुश हे सगळं रबरी सामान उभ्या गाडीतही कडक होतं, तडकतं. आणि आकडा खोटा असेल, मीटर मागे फिरवलेला असेल, तर त्या विक्रेत्याच्या दुसऱ्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवायला जागा उरत नाही.

दुसरी गाडी वर्षाला ८,८०० किलोमीटर चालली. घरगुती वापराला हे अगदी नेहमीचं प्रमाण आहे. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं साधं पेट्रोल इंजिन मोठं काम न निघता दीड लाख किलोमीटर सहज गाठतं. या गाडीबद्दल आपल्याला माहिती आहे, पहिलीबद्दल नाही, आणि कमी बजेटमध्ये ही माहितीच सगळ्यात मोलाची. थोड्या पैशांत गाडी घेताना आपण मुख्यतः मागच्या मालकाने केलेला सांभाळ विकत घेत असतो. पुढचं सगळं प्रकरण तो सांभाळ ओळखायचा कसा, याबद्दल आहे.

२. विकणाऱ्याला जे माहीत असतं

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता.

त्याचं म्हणणं समजायला आंब्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. वरचा थर सगळ्यांना दिसतो, खालचा फक्त भरणाऱ्याला माहीत असतो. गिऱ्हाईक धोका धरूनच मधला भाव सांगतं. ज्याची पेटी तळापर्यंत उत्तम आहे, त्याला तो भाव परवडत नाही आणि तो बाजारात येईनासा होतो. ज्याच्या खालच्या थरात नासकं आहे, तो मात्र त्याच भावाला आनंदाने देतो. हळूहळू बाजारात खराब माल जास्त उरतो.

यातून आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. एक, चांगली सांभाळलेली जुनी गाडी बऱ्याचदा जाहिरातीपर्यंत पोचतच नाही. ती ऑफिसात, सोसायटीत, नात्यात आधीच जाते. म्हणून गाडी शोधायला लागल्यावर पहिल्यांदा ओळखीच्यांत शब्द टाकावा आणि आपल्या भागातल्या जुन्या गॅरेजवाल्याला सांगून ठेवावं. कोणाची गाडी कशी ठेवलीय आणि कोण विकणार आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दुसरी गोष्ट, खालचा थर दाखवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला पैशात किंमत आहे. सर्व्हिसच्या नोंदींना आहे आणि फिटरला सोबत नेण्यालाही आहे. त्याला हजार-दीड हजार दिले तर ते वाया जात नाहीत, गाडी नापसंत ठरली तरीही.

डीलरकडून घेत असाल, तर एक नियम माहीत हवा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचनाही नोंदवावी लागते. ते पत्र दाखवायला सांगा. नुसतं "आमच्याकडे सगळं क्लिअर असतं" हे पुरेसं नाही.

३. तीन लाखांतले अडीचच

बजेट तीन लाख असेल, तर तीन लाखांची गाडी पाहू नये. साधारण सहावा हिस्सा बाजूला काढावा. समजा, गाडी अडीच लाखांना ठरली. नाव बदलणं आणि एजंट यांचे पाच हजार. इन्शुरन्सचे दहा. पहिल्या सर्व्हिसला सगळी ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड धरून आठ-नऊ. चारपैकी दोन टायर बदलावे लागले तर आठ, बॅटरी गेली तर पाच. हे छत्तीस-सदतीस हजार झाले. उरलेले तेरा हजार क्लचसाठी राखून ठेवा, कारण सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीत पुढचं मोठं काम बहुधा त्याचंच निघतं. ज्याने पूर्ण तीन लाख गाडीतच घातले, तो हीच कामं पुढे ढकलतो आणि चांगली मिळालेली गाडीसुद्धा वर्षभरात खिळखिळी करतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, नवी असताना वीस लाखांची असलेली गाडी आज तीन लाखांना मिळते आणि मोह होतो. गाडीची किंमत उतरली, तिच्या पार्टची उतरली नाही. सस्पेन्शनचं, एसीचं, गिअरबॉक्सचं काम निघालं, की बिल वीस लाखांच्या गाडीचं येतं. कमी बजेटमध्ये हा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही.

४. कोणतं मॉडेल, कोणतं इंधन

इथे फार विचार करायची गरज नाही. आपल्या तालुक्याच्या गावी जिचा पार्ट त्याच दिवशी मिळतो आणि जी उघडायची सवय कुठल्याही फिटरला आहे, ती गाडी घ्यावी. वॅगनआर, अल्टो, स्विफ्ट, सेलेरिओ, आय-टेन यांना म्हणूनच जास्त भाव येतो आणि तो देण्यासारखा असतो. शेव्हरोलेची भारतातली विक्री २०१७ अखेर थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. या गाड्या स्वस्त मिळतात. तळेगावला बनलेली बीट किंवा दणकट बांध्याची फिगो वाईट नव्हे, पण पार्टसाठी थांबायची तयारी आणि जाणता फिटर ओळखीचा असेल तरच त्या वाटेला जावं.

डिझेल की पेट्रोल, हे महिन्याच्या वापरावर ठरवा. महिन्याला ५०० किलोमीटर म्हणजे वर्षाला ६,०००. पेट्रोल गाडी लिटरला १६ देते आणि डिझेल २० देते असं धरू. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये. पेट्रोलला ३९,३७५ लागतात, डिझेलला २७,६००. वर्षाची बचत जेमतेम बारा हजार. जुन्या डिझेल गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर एकदा जरी गेला, तर काही वर्षांची बचत त्यात जाते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तो चोंदतो. रोज नाशिक-सिन्नर करणाऱ्याने डिझेल घ्यावी, इतरांनी पेट्रोल.

सीएनजी किट असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवीच. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट कधी झाली, तेही पाहा. नोंद नसलेलं किट असलेल्या गाडीचा क्लेम अडकतो.

सुरक्षिततेसाठी एक तारीख लक्षात ठेवावी: १ जुलै २०१९. त्यानंतर बनलेल्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आणि ब्रेक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा त्याआधी एप्रिलमध्येच सक्तीची झाली होती. त्यापूर्वीच्या स्वस्त व्हेरिअंटमध्ये ही दोन्ही नसण्याची शक्यता मोठी. दोन गाड्यांत निवड अडली, तर म्युझिक सिस्टिम आणि अलॉय व्हीलपेक्षा या तारखेला वजन द्या.

५. गाडीवर छापलेल्या तारखा

गाडीवर किती ठिकाणी तारखा छापलेल्या असतात, याची फार थोड्यांना कल्पना असते. त्या वाचता आल्या, की मीटर आणि मालक खरं बोलताहेत का, हे ताडून पाहता येतं. याला ना फिटर लागतो, ना अवजारं.

पहिली तारीख आरसीवर. तिथे नोंदणीच्या तारखेसोबत गाडी बनल्याचा महिना आणि वर्षही असतं. डिसेंबरात बनून पुढच्या वर्षात नोंदलेली गाडी विक्रेता नव्या वर्षाची म्हणून सांगतो. भाव बनल्याच्या वर्षावर करा.

मग टायर. टायरच्या बाजूवर डीओटी अशा अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्ट. पाचही टायर वाचा, स्टेपनीसुद्धा. गाडी २०१९ ची, मीटरवर २५,००० आणि चारही टायर २०२२ चे असतील, तर विचारायला हवं. कंपनीकडून आलेले टायर साधारणपणे चाळीस हजारांच्या आसपास चालतात, मग हे इतक्या लवकर का बदलले? कारण खरंही असू शकतं. पण पुढे २०२२ चे हे टायरही गुळगुळीत झालेले दिसले, तर दुसरा जोड संपलेल्या गाडीचा मीटर पंचवीस हजार असू शकत नाही.

तिसरी जागा काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा शिक्का आणि बारीक खुणा असतात. त्या खुणांची भाषा कंपनीगणिक वेगळी असली, तरी ती येण्याची गरज नाही. सगळ्या काचांचे शिक्के एकमेकांशी जुळतात का, एवढंच पाहायचं. समोरची काच खडा लागून बदललेली असते, त्याचं काही नाही. पण उजवीकडच्या मागच्या दाराची एकच काच वेगळी असेल, तर त्या दाराला काय झालं होतं ते विचारा आणि तिथला पत्रा नीट बघा.

सीट बेल्ट पूर्ण ओढून काढा. त्याच्या पट्टीवर खाली लेबल असतं, त्यावर बनल्याची तारीख असते. ती गाडीपेक्षा बरीच नंतरची असेल, तर मोठ्या अपघातात बेल्ट आणि एअरबॅग दोन्ही बदलल्याची शंका घ्यायला जागा आहे. बेल्ट ओढलाच आहे, तर शेवटचा हातभर भाग बोटांनी चाचपून पाहा. तो का, ते पुढच्या भागात येईल.

शेवटची खूण कागदावर आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. मालकाची चालू इन्शुरन्स पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते वाचा. क्लेम न करणाऱ्याला हा बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा चढत जातो. क्लेम झाला की तो शून्यावर येतो. पॉलिसीवर ५० टक्के दिसत असेल, तर या माणसाने सलग पाच वर्षं क्लेम केलेला नाही. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असल्याने तो जुन्या गाडीवरूनही आलेला असू शकतो आणि खिशातून पैसे घालून केलेलं काम यात दिसत नाही. तरी "गाडीला कधी काही लागलं नाही" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर शून्य दिसलं, तर बोलणं तिथेच थांबवून नीट विचारावं.

६. पाणी आणि पत्रा

जुलै २००५ मध्ये मुंबई, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण. प्रत्येक महापुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-वाळवून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला जातात. पुरात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पाणी वायरिंगच्या जोडांत शिरतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथे गंज धरतो. मग कधी काच खाली होत नाही, कधी गाडी चालू होत नाही, आणि फिटरला कारण सापडत नाही.

अशी गाडी ओळखायला सीट बेल्टचा तो शेवटचा भाग उपयोगी पडतो. तिथे सुकलेल्या गाळाची रेघ राहते, कारण धुणारा तिथपर्यंत पोचत नाही. पायाखालचं मॅटिंग उचलून खालचं कापड दाबून पाहा. सीटच्या खालच्या पट्ट्या आणि बोल्ट गंजलेले आहेत का, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का, हेही बघा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वासावर अत्तराची बाटली लटकवलेली असेल, तर बाटली बाहेर काढून पुन्हा बसा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या पासिंगची गाडी असेल, तर खाऱ्या हवेमुळे तिचा खालचा पत्रा हमखास तपासायचा. त्यासाठी गाडी रॅम्पवर चढवावी लागते.

अपघाताचं पाहायचं, तर रंगापेक्षा सांगाड्याकडे बघा. दाराला घासल्याचं पेंटिंग झालं असेल तर हरकत नाही, आपल्या रस्त्यांवर ते होणारच. दाराच्या चौकटीवरचं रबर ओढून बाजूला करा. आत कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसायला हवेत. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या एप्रनवर म्हणजे चाकावरच्या आतल्या पत्र्यावर तेच पाहा. ठिपक्यांऐवजी ओबडधोबड वेल्डिंग, हातोड्याचे ठोके किंवा पुटिंग दिसलं, तर सांगाडा वाकून सरळ केलेला आहे. ती गाडी सोडा.

७. थंड इंजिन, मग फेरी

गाडी बघायला सकाळी जावं आणि मालकाला आधीच सांगावं की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. तापलेलं इंजिन आपले दोष लपवतं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहा. चालू करताना धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. सकाळच्या गारव्यात दोन मिनिटं निघणारी वाफ वेगळी, तिला घाबरू नये. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ तपकिरी लगदा असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचं काम निघणार.

इंजिनमधल्या व्हॉल्व्हना वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी किंवा पट्टा असतो. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत साखळी आहे, जुन्या आय-टेनच्या १.१ लिटर इंजिनात आणि अल्टो ८०० मध्ये पट्टा. साखळी सहसा त्रास देत नाही. पट्ट्याला ठरलेलं आयुष्य असतं. तो चालत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि साराच खर्च अंगावर येतो. पट्टा कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेला नाही असं धरून भाव करा.

फेरी निदान अर्ध्या तासाची हवी, त्यात एक चढ आणि एक खराब रस्ता असावा. चढावर चौथ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपत आलीय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना चाकाकडून कटकट आवाज आला, तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेलाय. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. म्युझिक बंद आणि एसी चालू ठेवा. फिटरकडे स्कॅनर असेल तर लावायला सांगा, गाडीच्या संगणकात साठलेले दोष त्यात दिसतात. विकण्याआधी ते पुसता येतात, म्हणून फेरीनंतर पुन्हा एकदा लावा.

८. कागद

परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला, की कितवा मालक, कर्जाचा बोजा, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या मुदती दिसतात. ई-चलनं वेगळी तपासा. ती विकणाऱ्यानेच भरायची, पैसे देण्याआधी. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, तेही बघा.

नाव बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतो. एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, आरसीवर चढलेली असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५. "कर्ज फिटलंय, एचपी नंतर उतरवू" हे ऐकू नका, ती उतरल्यावरच पूर्ण पैसे द्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी महिनोनमहिने फिरवणं दोघांनाही धोक्याचं आहे. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. इन्शुरन्सही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस कंपनी काढून घेते आणि त्या फरकाचे पैसे आपल्याकडून मागते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी ती वाढते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर लागतो. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च भावातून कापून घ्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंधांचे आदेश निघत आले, त्यामुळे तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या एमएच पासिंगला आणायच्या, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला आणि इथला रोड टॅक्स लागतो. तो किती बसेल ते आपल्या आरटीओत विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा आणि दोघांनी सह्या करा.

९. पहिल्या आठवड्यात

मागच्या मालकाने काहीही सांगितलं असलं, तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात ब्रेक सारखे तापले, की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतं. त्यामुळे ते शेवटचं कधी बदललं हे माहीत नसताना आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरू नये. १ एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या आजच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी खास बनवलेल्या नव्हत्या, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि त्यांचे जोड फिटरकडून बघून घ्या. पट्ट्याचं इंजिन असेल आणि पावती नसेल, तर पट्टा याच फेरीत बदला. लांबचा प्रवास ठरला असेल, तर तो या कामांनंतर ठेवा.